जुन्या ‘ए’ कॅसेटी जमवताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात कळव्याचा एक मुलगा पिशवीभर कॅसेटी घेऊन माझ्याकडे ठाण्याच्या नौपाड्यात आला. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या ‘फक्त प्रौढांसाठी’ चित्रपटांचे तुकडे एकापुढे एक जोडून केलेल्या व्हीएचएस. मी त्यांना जोडकॅसेट म्हणतो. अकरापैकी पाच कॅसेटींना बुरशी लागलेली, आणि एकीवरही लेबल नाही. “काका, लेबलं फार मळली होती, म्हणून पाण्याने भिजवून काढली,” तो म्हणाला. मला रात्री झोप लागली नाही. हे लिहायला बसलो ते त्यामुळेच.

१९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, त्यामागोमाग व्हीसीआर, आणि बघता बघता गल्लोगल्ली कॅसेट लायब्ऱ्या उघडल्या. तेव्हाच्या कितीतरी ‘ए’ चित्रपटांची धड प्रत आज कुठे सापडत नाही. त्यातली चार-पाच मिनिटं उरली आहेत ती अशा एखाद्या जोडकॅसेटमध्ये. सेन्सॉरने काय कापलं, डबिंग कुठल्या भाषेतून झालं, एकच चित्रपट किती नावांनी विकला गेला, हे सगळं त्या मिनिटांत असतं. म्हणून हा अभ्यास मी गंभीरपणे करतो, आणि तो घाईने बिघडवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॅसेट हातात आली की लगेच व्हीसीआरमध्ये घालणं. आपल्या खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे टेपची काय कथा! २०११च्या जुलैमध्ये कोपरीतली एक बंद पडलेली लायब्ररी रिकामी होत होती. तिथून मी एक खोकं उचललं आणि त्याच संध्याकाळी पहिली कॅसेट लावली. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून पाहिलं असतं तर टेपच्या गुंडाळीच्या कडेला राखाडी-पांढरे ठिपके दिसले असते. मी पाहिलं नाही. दहा मिनिटांत चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या आणि मग चित्रच गेलं. मला वाटलं कॅसेट खराब आहे, म्हणून दुसरी लावली. मग तिसरी, मग चौथी. पहिल्या टेपची बुरशी व्हीसीआरमधल्या, टेप वाचणाऱ्या हेडच्या ड्रमवर बसली होती आणि मी स्वतःच्या हाताने ती पुढच्या तीन चांगल्या कॅसेटींना लावत होतो. त्यातली एक परत कधीच नीट चालली नाही. तिच्यात एका चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र पडद्यावर दिसत होतं, रिळांच्या संख्येसकट. ते मी वाचून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. नवी आलेली कॅसेट निदान पंधरा दिवस झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, बाकी संग्रहापासून दूर. ठिपके दिसले तर तोंडाला मास्क बांधून गच्चीत जायचं, कवचाचे पाच स्क्रू काढायचे आणि टेप सुकी असल्याची खात्री करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने हळूहळू पुसायची. एका कॅसेटला अख्खा रविवार जातो, जाऊ दे. पहिल्यांदा ती लावायची एका वेगळ्या जुन्या व्हीसीआरवर, ज्याचं काही बिघडलं तरी चालेल. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये ते बनवणं थांबवलं, त्यामुळे चांगलं मशीन म्हणजे आता जीव की प्राण. हेड पुसायचं शॅमॉय चामड्याच्या काडीने. काडी स्थिर आडवी धरून ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली कधीच घासायचं नाही, आणि कानातल्या कापसाच्या काड्या तर त्या खोलीतही आणायच्या नाहीत.

कॅसेटच्या मागचा रेकॉर्डिंगचा टॅब शाबूत असेल तर आधी तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. टीव्हीसमोर मोबाइल धरून केलेलं चित्रण ही प्रत नव्हे.

संगणकावर घेताना लोक थेट छोटी एमपी-फोर फाइल करतात, का तर जागा वाचते. जागा वाचते आणि तपशील मरतो. ७२० × ५७६मध्ये, इंटरलेस (एकाआड एक ओळींनी बनणारं चित्र) तसंच ठेवून, एफएफव्ही-वनसारख्या काही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत, घ्या. हार्ड डिस्क टेपपेक्षा स्वस्त आहे, कारण ती टेप पुन्हा मिळणार नाही.

दुसरी चूक माझ्या दृष्टीने पहिलीइतकीच वाईट: ‘फालतू’ भाग कापणं. सुरुवातीची जाहिरात, मधली मुंग्यांची दोन सेकंदं, शेवटचा निळा पडदा, हे सगळं नवखे लोक आधी उडवतात. अहो, पुरावा तिथेच असतो! जिथे चित्र क्षणभर फाटतं आणि रंग बदलतो, तिथे एका कॅसेटचा तुकडा संपून दुसरीचा सुरू झालेला असतो. प्रत्येक नकलेत रंग थोडा खाली सरकतो. ओठांचा लाल हनुवटीकडे उतरलेला दिसला की समजायचं, ही नकलेची नक्कल आहे. कॅमेरा आडवा फिरताना चित्र ठराविक अंतराने अडखळत असेल तर तो तुकडा बहुधा परदेशी एनटीएससी टेपवरून (अमेरिका-जपानकडच्या टीव्ही पद्धतीच्या) उतरवलेला असतो. मी वहीत मिनिट-सेकंद लिहून असा प्रत्येक जोड टिपतो. वही कागदाचीच.

लेबलावरच्या नावावर विश्वास ठेवू नका, पण लेबल काढूही नका. २०००च्या आसपास मल्याळम चित्रपट हिंदीत डब होऊन भलत्याच नावांनी फिरले. एका कॅसेटवरचं नाव खरं मानून मी एक नोंद चार वर्षं चुकीची बाळगली. हिंदी आवाजाखाली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मल्याळम अक्षरं स्पष्ट दिसत होती. तीही मी पाहिली नव्हती, कारण मला उत्तर लवकर हवं होतं.

आणि चेहऱ्यावरून नाव ठोकून देणं बंद करा. “ही तीच हिरॉईन” असं वाटणं म्हणजे ओळख पटणं नव्हे. श्रेयनामावली नसेल तर मी ‘अज्ञात’ लिहितो. त्या बाईंना आज नातवंडं असतील; चुकीचं नाव लावून एखादीच्या घरात आग लावायचा हक्क मला कुणी दिला?

याच कारणाने, टेपमध्ये कुणाचं घरगुती, खासगी चित्रण निघालं तर मी तिथेच थांबतो. त्याची नक्कल नाही, नोंद नाही. लहान मूल असलेलं काही दिसलं तर विषय संग्रहाचा राहतच नाही: आयटी कायद्याच्या ६७ब कलमाखाली ते नुसतं जमवणं, बघणं हाही गुन्हा आहे. पोलिसांत कळवायचं.

“दुर्मिळ आहे ना, मग ग्रुपवर टाका की” म्हणणाऱ्यांना मी घरात घेत नाही. उघड लैंगिक दृश्य पाठवणं ६७अमध्ये येतं; पहिल्याच गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. शिवाय चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो, म्हणजे यातलं जवळपास सगळं अजून कुणाच्या तरी मालकीचं आहे. विकत तर मी एक फूटही दिलेली नाही.

त्या मुलाला मी त्याच रात्री परत पाठवलं, कचऱ्याची पिशवी गेली का बघ म्हणून. गेली नव्हती. दोन लेबलं मिळाली, वर्तमानपत्रात चिकटलेली. एकावर दुकानाचा शिक्का आहे आणि पत्त्यात ‘बॉम्बे’ आहे, म्हणजे शिक्का तरी बहुधा १९९५च्या आधीचा. ती आता माझ्याकडे दोन टीपकागदांमध्ये वाळत आहेत. कुठलं लेबल कुठल्या कॅसेटचं, ते त्याला आठवत नाही. पुढच्या रविवारी तो येणार आहे. कवचावर राहिलेल्या गोंदाच्या खुणा आणि लेबलांच्या मागची बाजू जुळवून बघू.