चेनसॉला चेन घेताना: आधी सीसी बघा, मग इंच

चेनसॉची चेन मागितली की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "किती इंची?" आपणही बारची, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीची, लांबी सांगून मोकळे होतो. मी अशीच एकदा 'बावीस इंची' म्हणून चेन आणली आणि शेताच्या बांधावर, तोडायच्या वेड्या बाभळीपाशी गेल्यावर कळलं की ती बारवर बसतच नाही. अर्धा दिवस गेला, मजुरांचा रोज गेला. चेन जुळते ती तीन आकड्यांवर: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या कड्यांची, संख्या.

मशीन बंद करा, थंड होऊ द्या, स्पार्क प्लगची टोपी काढा, हातमोजे घाला. मग बारचा इंजिनाकडचा भाग फडक्याने पुसा. तेल-भुशाच्या काळ्या थराखाली हे आकडे बहुतेक वेळा कोरलेले सापडतात.

पुसले गेले असतील तर मोजा. चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्याचं निम्मं करा. तो पिच. तीन रिव्हेटमध्ये साडेसोळा मिलिमीटर भरले तर पिच ०.३२५ इंच, एकोणीसच्या आसपास भरले तर ३/८.

आता इंजिन. डाळिंबाच्या फांद्या छाटायला सांगोल्याकडे बॅटरीवरची छोटी सॉ वापरत असाल, तर तिला १/४ पिचची बारीक चेन असते. साधारण ३० ते ४२ सीसीच्या पेट्रोल मशीनला ३/८ लो प्रोफाइल, बार १४-१६ इंच. ४५ ते ५८ सीसीला, म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्यांच्या हातात सर्रास दिसणाऱ्या ५२ आणि ५८ सीसीच्या मशीनला, ०.३२५. साठ सीसीच्या वर पूर्ण ३/८, आणि ९० सीसीच्या पुढच्या जड मशीनला ०.४०४. सीमेवरच्या मशीनला कंपनीचं पुस्तक सांगेल तेच खरं.

लो प्रोफाइल ३/८ आणि पूर्ण ३/८ एकच समजू नका. नाव सारखं, पण लो प्रोफाइलची उंची कमी आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं इंजिनाकडचं दातेरी चाक, तेही वेगळं. चेनचा पिच बदलायचा तर स्प्रॉकेट आणि बारचं टोकाचं चाकही त्याच पिचचं लागतं.

मोठा दात जास्त लाकूड काढतो, म्हणून लहान मशीनला मोठी चेन चढवायचा मोह होतो. तसं करू नका. इंजिन दबतं, क्लच घसरून तापतो. उलट मोठ्या इंजिनावर हलकी चेन ताणते, तुटते, आणि तुटलेली चेन जीवघेणी ठरू शकते.

गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर हे नेहमीचे आकडे, व्हर्नियरने मोजता येतात. जाड लिंक खाचेत शिरत नाही. पातळ शिरते, पण डुगडुगते आणि काप तिरका जातो.

शेवटी खालच्या ड्राइव्ह लिंक मोजा. एका लिंकवर खडूची खूण करून तिथून सुरुवात करा, नाहीतर मोजणी चुकते. ०.३२५ च्या अठरा इंची बारला बहुधा ७२, वीस इंचीला ७६, बावीस इंचीला ८६ भरतात. पण तुमच्या बारवर जो आकडा येईल तोच दुकानात सांगा.

माझं स्पष्ट मत: ५८ सीसीवर बावीस इंची बार वाळलेल्या बाभळीला जास्त होतो. लाकूड टणक, त्यात आपल्याकडच्या झाडांच्या सालीत माती बसलेली. अठरा इंची बार लावा, तेच इंजिन मोकळं चालेल. कानसही पिचप्रमाणे घ्या: लो प्रोफाइलला ४ मिलिमीटरची, ०.३२५ ला ४.८ ची.

नवी चेन इतकीच ताणा की बारच्या खालच्या बाजूला लोंबणार नाही, पण हाताने ओढली तर फिरेल. मे महिन्यातल्या उन्हात काम करताना ती तापून लांबते, म्हणून पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा तपासा. काम संपलं की ताण सैल करून ठेवा. थंड होताना चेन आकसते आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर जोर येतो.