कोन की सॉकेट, आधी लिहा

गवती चहाचं तेल घरी काढायला काचेचा सेट जमवत असाल, तर फ्लास्क, मँटल (फ्लास्क तापवायची विजेची शेगडी), दोन स्टँड, क्लॅम्प हे लागणारच. त्यावर वेळ घालवत नाही. माझं काम अडलं ते दोन वेगळ्या मापांचे तुकडे जोडणाऱ्या, बोटभर लांबीच्या ॲडॉप्टरपाशी.

आधी घरात असलेल्या प्रत्येक तुकड्याचं माप घ्या. काचेचा जो भाग दुधी, घासलेला असतो तो सांधा. त्याच्या रुंद टोकाला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) लावा. १४.५ मिमी आलं तर त्या सांध्याचं नाव बी-१४, १८.८ आलं तर बी-१९, २४ ला बी-२४ आणि २९.२ ला बी-२९. पट्टीने मोजू नका, पट्टीवर १९ आणि १८ सारखेच दिसतात. मग त्या आकड्यापुढे लगेच लिहा: कोन की सॉकेट. आत शिरतो तो कोन, ज्यात शिरतो ते सॉकेट.

मी हेच लिहिलं नव्हतं. माझा दोन लिटरचा फ्लास्क बी-२९ तोंडाचा, वरच्या स्टिल हेडचा (वाफ बाजूला वळवणाऱ्या तुकड्याचा) कोन बी-२४. दुकानात फोनवर सांगितलं, ‘चोवीस-एकोणतीसचा ॲडॉप्टर ठेवा.’ रजा टाकून कासारवडवलीहून बस, ठाण्याहून लोकल, मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटचं दुकान आणि परत. घरी पुडी सोडली तर खाली २४ चा कोन, वर २९ चं सॉकेट. मला हवं होतं नेमकं उलटं. आकडे दोन्ही बरोबर, तुकडा बिनकामाचा. दुकानदाराला काय बोलणार? त्यातही २४/२९ हे एकाच सांध्याचं नाव असतं: २४ रुंदी, २९ घासलेल्या भागाची लांबी. म्हणजे मी जे बोललो त्याचे तीन अर्थ निघत होते. अमेरिकन मापाचं २४/४० दिसलं तर बिचकू नका, उतार तोच असतो, १० ला १. बसतं, फक्त थोडं बाहेर राहतं किंवा खाली मोकळी जागा उरते.

म्हणून चिठ्ठी अशी: ‘खाली कोन बी-२९, वर सॉकेट बी-२४.’ रिडक्शन, एक्सपान्शन असल्या नावांत अडकू नका. चित्र काढा, फोटो पाठवा, आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच बोट ठेवून विचारा, हा कोन, हे सॉकेट, बरोबर? जमलं तर फ्लास्कच पिशवीत घेऊन जा. जड होतो, होऊ दे.

कंडेन्सरचंही, म्हणजे वाफ गार करणाऱ्या नळीचंही, तेच. वर सॉकेट, खाली कोन. रिसीव्हर बेंडला, म्हणजे थेंब खालच्या भांड्यात सोडणाऱ्या वाकड्या नळीला, वर सॉकेट, आणि हवा जायला बाजूची नळी हवीच. ती बुजवायची नाही. सगळा सेट बंद केला तर आतली वाफ काच फोडेल, हे गमतीत घेऊ नका.

पाण्याचं: घोडबंदर रोडला टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायटीत नळ चालू सोडला तर शेजारी येतील. बादली, बर्फ, फिश टँकचा पंप. पाणी कंडेन्सरच्या खालच्या नळीतून आत, वरच्या नळीतून बाहेर. उलट लावलं तर वरचा भाग कोरडा राहतो.

सांध्यांना सिलिकॉन ग्रीस, अगदी पुसट. व्हॅसलीन नाही, तापलं की वितळतं. सांधे धरून ठेवणाऱ्या क्लिपा रंगावरून घ्या, बी-२४ ला हिरवी, बी-२९ ला लाल. फ्लास्क अर्ध्यापर्यंतच भरा, पाणी उसळू नये म्हणून पोर्सेलीनचे तुकडे, ते गार असतानाच टाका.

बाकी मग मँटल चालू, थेंब मोजत बसायचं. तेल पाण्यावर तरंगतं, चमचाभरही निघत नाही. काम झालं की सांधे गरम असेपर्यंत हलवून सोडवा, गार झाल्यावर अडकतात. आणि तो उलटा ॲडॉप्टर अजून माझ्या कपाटात आहे. कोणाकडे बी-२४ चा फ्लास्क आणि बी-२९ चं हेड असेल तर घेऊन जा.