अंधाऱ्या गोठ्यातला डांगी बैल तैलरंगात रंगवताय? या चुका टाळा

इगतपुरीकडच्या गोठ्यात, दारातून येणाऱ्या तेवढ्याच उजेडात उभा असलेला डांगी बैल हा तैलरंगासाठी अस्सल विषय आहे. अंगावर काळे-पांढरे डाग, आणि कातडीतून पाझरणाऱ्या तेलकटपणामुळे आलेली चकाकी. पावसाच्या माऱ्यात हाच तेलकटपणा त्याला तारतो. पण चित्र बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसतं: पांढरा डाग पांढरा रंगवला जातो, काळा काळा.

डोळे बारीक करून बघा. सावलीतल्या पोटावरचा पांढरा डाग हा उजेडातल्या, चकाकणाऱ्या काळ्या खांद्यापेक्षा गडद असतो. तिथे ट्यूबमधला टायटेनियम व्हाइट थेट लावला, की गोठ्यात ट्यूबलाइट लागल्यासारखं होतं. म्हणून आधी पूर्ण कॅनव्हास टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरमध्ये, म्हणजे गडद तपकिरी रंगात, मांडा. तीन-चार छटा पुरतात. बैल इथेच ओळखू आला पाहिजे. नाही आला तर बाकीचे रंग बाहेर काढूच नका. निव्वळ पांढरा शेवटी, नाकपुडीवरची ओल आणि डोळ्यातला ठिपका यांच्यापुरताच.

नुसता आयव्हरी ब्लॅक अंधारात भोक पाडतो, शिवाय तो फार सावकाश वाळतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा. निळा वाढवला की काळा थंड होतो, अंबर वाढवला की उबदार.

चार दिवसांनी गडद भाग राखाडी, कोरडा दिसायला लागला तर घाबरून वर आणखी काळा चढवू नका. रंग बदललेला नसतो, वरच्या थरातलं तेल खाली शोषलं गेलेलं असतं. हात लावून कोरडा वाटला, की जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात कापडाने फिरवा आणि जादाचं तेल पुसून घ्या. रंगाची खोली परत येते. मगच पुढचं ठरवा.

फोटोवरून काम करत असाल तर फोनचा नाइट मोड बंद ठेवा, तो सावल्या उजळून टाकतो.

केस मोजत बसू नका. उजेड जिथे सावलीकडे वळतो तिथेच ते दिसतात. पाठीची कड मात्र बिनधास्त अंधारात विरू द्या.

तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो, आणि नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात तो आणखी रेंगाळतो. पातळ थरांच्या चित्रालाही व्हार्निशआधी किमान 6 महिने द्या.