दहा बाय दहाची खोली मोकळी कशी करावी

घरकुल योजनेतलं घर किमान 25 चौरस मीटरचं असतं, म्हणजे साधारण 270 चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागा त्यातच आली. भिंतींची जाडी आणि चूल वजा केली की झोपायला एक खोली उरते, दहा बाय दहाची, कधी त्याहूनही आखूड. जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरातली आतली खोली मापाला जरा मोठी असते, पण दिवसाही बल्ब लावल्याशिवाय सुई ओवता येत नाही. दोन्हीकडे सामान मात्र तेच: पलंग, आंदणात आलेली आलमारी, शोकेस, कूलर आणि दिवाळीनंतर भाव चढायची वाट पाहत पडलेला कापूस.

खोली सजवायचे सल्ले बहुतेक शहरातून येतात. मोठी खिडकी ठेवा, भरपूर ऊन येऊ द्या, असं सांगतात. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. हा सल्ला देणाऱ्यानं तेव्हा दुपारी त्या खिडकीशी बसून दाखवावं. आपल्याला उजेड पाहिजे, ऊन नको. आणि ‘जागाच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जागा असते, फक्त जमीन दिसत नसते. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून कामाला लागा.

आधी सगळं बाहेर

एक मोकळा दिवस बघून खोलीतलं झाडून सगळं सामान सपरीत, म्हणजे ओसरीत, काढा. आलमारीवर चढवलेल्या बॅगा, पलंगाखालचे कट्टे, खुंटीवरचे कपडे, दाराआडची फवारणीची डबडी, सगळं. फवारणीचं औषध तर झोपायच्या खोलीत परत न्यायचंच नाही. त्याची जागा घराबाहेर, कुलपात.

रिकाम्या खोलीत खडूनं जमिनीवर मापं काढा. लोखंडी आलमारी साधारण 3 फूट रुंद आणि दीड फुटाच्या वर खोल असते. तिचं दार उघडायला पुढे आणखी दीड फूट लागतं. पलंग 6 बाय 5 चा. चालायला निदान 2 फुटांची वाट हवी. हे चौकोन जमिनीवर आखले की लगेच दिसतं, शोकेस या खोलीत बसतच नाही. ती बैठकीत न्या. ‘लग्नातली वस्तू हाय, बाहेर कशी ठेवू जी?’ असं घरातून कोणीतरी म्हणेलच. बैठकीत ती चार लोकांना दिसेल, हे सांगून पाहा.

कापसाचं काय करायचं, हा खरा अवघड प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: कापूस खोलीत असेल तेवढे महिने झोपायची सोय दुसरीकडे करा. साठवलेल्या कापसात किडे होतात, अंगाला खाज सुटते आणि मच्छरांची कॉइल जवळ जळत असली तर एक ठिणगी पुरते. दुसरी जागाच नसेल तर कापूस एकाच आतल्या भिंतीला, खाली फळ्या टाकून रचा. त्याच्यापुढे बुरडाकडून आणलेली बांबूची ताटी उभी करा आणि तिच्यावर भिंतीच्याच रंगाचं कापड जमिनीपर्यंत सोडा. उदबत्ती-कॉइल त्या खोलीत बंद. ढीग झाकला की डोळ्याला ती भिंतच वाटते. खोली लहान होते, पण पसारा दिसत नाही.

भिंती

काळ्या जमिनीवरच्या घराला भेगा पडणारच. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तिच्यासोबत पाया हलतो. बारीक भेगा पुट्टीनं बुजवल्या तरी चालतं. बोट आत जाईल एवढी भेग असेल तर रंगाचा विचार नंतर, आधी गवंड्याला दाखवा. खालच्या फूटभर भागात ओल चढत असेल तर तिथलं फुगलेलं प्लास्टर खरवडून वाळू द्या. ओलीवर मारलेला रंग पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सोडतो.

रंग कोणता? पांढरा किंवा अगदी फिकट पिवळसर, आणि छतालाही तोच. आपल्याकडे खोलीला हिरवा नाहीतर गडद गुलाबी ऑइलपेंट आणि कमरेइतका तपकिरी पट्टा मारायची जुनी हौस आहे. तो पट्टा भिंतीला मधोमध कापतो आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. टेकून बसल्यानं तेलाचे डाग पडतात म्हणून पट्टा, हे मान्य. मग तो भिंतभर कशाला? पलंगाच्या डोक्याशी, जिथे खरंच टेकतात तिथे, एक धुता येणारी चटई ठोका. खाली फरशीलगत चार बोटं गेरूचा पट्टा ओढा. पोतेऱ्याचे शिंतोडे त्यात लपतात.

मातीच्या किंवा साध्या प्लास्टरच्या भिंतीला चुन्यासारखं स्वस्त आणि उजळ दुसरं काही नाही. कळीचा चुना लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घेऊन त्यात थोडा थोडा टाका. तो खदखदून उकळतो, त्यामुळे लेकरं दूर आणि डोळे जपून. रात्रभर भिजू द्या, सकाळी जुन्या धोतराच्या कापडातून गाळा. भिंतीला नीट चिकटावा म्हणून थोडा भिजवलेला डिंक किंवा फेविकॉल, आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी पाण्यानं ओली करून घ्या आणि पातळ हात मारा. पहिला हात मारताना काहीच दिसत नाही, भिंत नुसती ओली दिसते, आणि माणूस घाबरून चुना घट्ट करतो. करू नका. तो वाळताना पांढरा होतो. असे दोन-तीन पातळ हात पुरतात. एक जाड हात मारला की त्याची भुकटी कपड्याला लागते. जुन्या ऑइलपेंटवर मात्र चुना धरत नाही. तिथे आधी घासकाम, मग डिस्टेंपर.

टिनाचं छप्पर असेल तर वरून पांढरा रंग द्या, ऊन बरंचसं परत फिरतं. आतून छत करायचं तर थर्माकोल लावू नका, तो भडकन पेटतो. बांबूची ताटी बांधून तिला चुना दिला तरी चालतं. टिन आणि ताटी यांच्यामध्ये वीतभर हवा राहिली पाहिजे.

कूलर आणि खिडकी यांचं भांडण

विदर्भातली झोपायची खोली अंधारी का असते? कारण तिची एकुलती एक खिडकी कूलरनं गिळलेली असते. मार्चमध्ये बसवलेला कूलर पोळा झाला तरी तिथेच, त्याच्या बाजूच्या फटीत पुठ्ठा आणि उशी कोंबलेली. कूलर आत जमिनीवर ठेवावा तर दोन बाय दोन फूट जागा जाते आणि फरशी कायम ओली.

यावर तोडगा असा. कूलर बाहेरच, अँगलच्या स्टँडवर, पण खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाशी. वरच्या अर्ध्यात पुठ्ठा काढून काच बसवून घ्या. गावातला वेल्डिंगवाला आणि सुतार मिळून हे दिवसभरात करतात. कूलरची हवा आत आली तशी बाहेरही गेली पाहिजे, म्हणून समोरचं दार किंवा झरोका बोटभर उघडा. खोली कोंडली की कूलर नुसता दमटपणा भरतो, गादी चिपचिपते आणि भिंतीला बुरशी धरते. पावसाळी हवेत तर कूलरचा उपयोगच उरत नाही, कारण हवा आधीच ओली असते. म्हणून पाऊस स्थिरावला की कूलर काढा, त्याच्या वाळ्याच्या ताट्या झटकून ठेवा आणि पुढच्या होळीपर्यंत खिडकी खिडकीसारखी वापरा. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. पाणी टाकताना बटण बंद करून पिन काढा. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात.

खिडकी नसलेल्या कवेलूच्या खोलीत दोन-चार काचेची कवेलू बसवा. टिनाला फायबरचा पारदर्शक तुकडा मिळतो. दोन्ही उत्तरेकडच्या उतारावरच. दक्षिणेला किंवा पश्चिमेला लावलात तर दुपारी खोलीत ऊन उतरेल.

आरसा खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावा, उभा, माणसाच्या कमरेपासून वर. खिडकीचा उजेड त्यावर पडून आतल्या कोपऱ्यात जातो. पश्चिमेच्या खिडकीसमोर लावायचा नाही, संध्याकाळचं ऊन तो सरळ डोळ्यात फेकतो. आलमारीला आरसा असेल तर दुसरा घेऊच नका.

पडद्याची दांडी खिडकीच्या वर अर्धा फूट आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट बाहेर ठेवा. त्यानं खिडकी आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि पडदा सारला की काच पूर्ण मोकळी होते. कापड पातळ, सुती, फिकट. पेटीतलं जुनं पांढरं लुगडं यासाठी उत्तम.

आलमारी कुठे, पलंग कुठे

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि अर्ध्या रात्रीपर्यंत ती उष्णता आत सोडत बसते. तिच्याशी डोकं करून झोपण्यात शहाणपण नाही. तिथे आलमारी उभी करा, भिंतीपासून चार बोटं सोडून. उष्णता तिच्या पाठीवर अडते आणि ओलीनं पत्रा गंजत नाही. ती दारातून पहिल्यांदा नजरेस पडत नसेल तर फारच चांगलं. पडत असेल तर तिला भिंतीच्याच रंगाचा हात द्या. आलमारीच्या डोक्यावर काहीही नको. त्या सामानासाठी दारावर 7 फुटांच्या उंचीला फळीचा माळा करून घ्या.

पलंग पायांचा असावा, खोक्याचा नसावा. दिवाणात सामान मावतं हे खरं, पण खोलीची जवळपास एक तृतीयांश जमीन कायमची झाकली जाते. पलंगाखालून समोरची भिंत दिसली की खोली मोठी वाटते, आणि झाडू आरपार जातो. गावात याला आणखी एक कारण आहे. पलंगाखाली धान्याचे कट्टे असले की उंदीर येतात, उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. म्हणून ‘गादी खाली टाका, छत उंच वाटेल’ हा सल्ला निदान पावसाळ्यात आपल्या कामाचा नाही. मच्छरदाणी लावा आणि तिची कड गादीखाली खोचा. चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधलेली चौकोनी मच्छरदाणी दिवसा गुंडाळून एका बाजूला टाका, नाहीतर खोलीत दुसरी खोली उभी राहते.

मातीच्या घराची भिंत दीड-दोन फूट जाड असते. तिच्यातले कोनाडे लोक सिमेंटनं बुजवतात, ते बुजवू नका. चष्मा, मोबाइल, पाण्याचा तांब्या, औषधं, सगळं तिथे बसतं आणि टेबल लागत नाही.

शोभा

सेवाग्रामची बापू कुटी पाहिली नसेल तर एकदा वर्ध्याला उतरून जाऊन या. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचंच. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी तिथल्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावानं काढला आहे, पण वेगळा रंग न देता, भिंतीच्याच मातीत. जवळ गेल्यावर तो उठाव बोटांना लागतो, लांबून नुसती भिंत दिसते. लहान खोलीत नक्षी करायची तर ती अशी. चार भिंतींवर चार रंगांची चित्रं लावली की त्या आत सरकतात.

देवांचे आणि घरातल्या थोरांचे फोटो एका भिंतीवर, एका ओळीत आणा. कॅलेंडर एकच. रंग लावायचा तो कापडात लावा, कारण ते बदलता येतं: आजीनं शिवलेली वाकळ पलंगावर अंथरली की बाकी खोली पांढरी असली तरी चालते. जुन्या लुगड्यांचे थर, वर दाट धावदोरा, कडेला चौकडीची पट्टी. प्लास्टिकची फुलं आणि टेडी बेअर काढा, त्यांच्यावर धूळच बसते. जमिनीवर एकच मोठी सतरंजी, तिचे पट्टे खोलीच्या लांबीच्या दिशेनं.

मधोमध एक पांढरी ट्यूब असते ती ठेवा, पण रात्री वापरायला दोन कोपऱ्यांत दोन लहान पिवळसर एलईडी लावा. कोपरे उजळले की भिंती लांब जातात. पिवळ्या उजेडावर पाखरंही कमी येतात, हे सोयाबीनच्या दिवसांत लक्षात येईल. वायरी भिंतीवरून लोंबत असतील तर पट्टीत घालून कोपऱ्यातून न्या.

पाहुणे आले तर काय, असं कोणी विचारेल. त्यासाठी खोलीत जास्तीचा पलंग अडवून ठेवू नका. बाज ठेवा. रात्री टाकायची, सकाळी सपरीत नेऊन भिंतीला उभी करायची.