गिटार शिकताना बोटं दुखतात? हे करून बघा

सुरुवातीला डाव्या हाताची बोटं दुखणारच, तारेची लाल रेघ उमटते आणि मोबाईलला हात लावला तरी झोंबतं, पण म्हणून आठवडाभर गिटार बाजूला ठेवू नका, कातडी परत मऊ पडते आणि पहिल्यापासून सुरुवात. त्यापेक्षा रोज १०-१५ मिनिटं दोनदा वाजवा. साधारण ३-४ आठवड्यांत बोटांची टोकं घट्ट होतात.

बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त दाबतात. बोट फ्रेटच्या पट्टीला (गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) अगदी खेटून, तिच्या अलीकडे, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला ठेवा आणि एकच तार वाजवत दाब हळूहळू कमी करत जा, तार खरखरायला लागली की त्याच्या किंचित वर जेवढा दाब लागतो तेवढाच पुरे. खरंच, निम्मा त्रास इथेच संपतो!

तरी जड जात असेल तर तारा फ्रेटबोर्डपासून (फ्रेट बसवलेली फळी) फार उंच आहेत का ते दुकानात दाखवून घ्या, आणि अकूस्टिक गिटारला १२ ऐवजी १० नंबरचा, म्हणजे पातळ तारांचा सेट लावा. आंघोळीनंतर लगेच वाजवू नका, ओली कातडी पटकन सोलते. सुटलेली सालं ओढू नका. फोड आला किंवा रक्त आलं तर मात्र थांबाच.