उभ्या वस्तूवर गाडी आदळली? भरपाई हातची घालवणाऱ्या या चुका टाळा

साइडपट्टीवर ओतलेली खडी, बांधकामासाठी उतरवलेले चिरे, घाटात घसरून आलेली दरड, पंक्चर होऊन तसाच सोडलेला ट्रक, गवतात बुडालेला मोरीचा कठडा. कोकणातल्या रस्त्यांवर यातलं काही ना काही कायम आडवं येतं. त्यावर गाडी आदळली की दोन समज लगेच पुढे होतात. एक, वस्तू जागेवर उभी होती, म्हणजे चूक चालवणाऱ्याचीच. दुसरा, रस्ता सरकारचा, म्हणजे भरपाईही सरकारची. दोन्ही अर्धवट आहेत. खर्च कोणाच्या अंगावर येणार हे तीन गोष्टींवर ठरतं: ती वस्तू काय होती, तिथे कोणी ठेवली आणि वेळेत दिसण्यासारखी होती का. या तिन्हींचा पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर उरलेला नसतो.

चूक कोणाची, या वादात स्वतःचा क्लेम अडकवणं

पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, म्हणजे तिच्यात ओन डॅमेजचा भाग असेल, तर तुमच्या गाडीचं नुकसान विमा कंपनी भरते. तुमचाच अंदाज चुकून गाडी गडग्याला घासली असली तरी भरते. लायसन्स वैध हवं, चालवणारा प्यायलेला नसावा आणि माहिती खरी हवी, एवढं सांभाळायचं. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरणारी पॉलिसी असेल तर स्वतःच्या गाडीसाठी तिच्यातून एक रुपयाही येत नाही, मग चूक कोणाचीही असो.

इथेच लोक नको ती हुशारी करतात. दगडावर आदळलेली गाडी ‘समोरून येणाऱ्या वाहनाने ठोकली’ असं लिहायचं, किंवा चालवत होता भाचा आणि फॉर्मवर नाव मामाचं. खरी हकीकत सांगून जो क्लेम सरळ मिळाला असता, तो खोट्या माहितीमुळे फेटाळला जातो. बंपरवर चिऱ्याचा लाल भुगा आणि ओरखडे स्पष्ट दिसत असताना सर्व्हेअरला, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्याला, वेगळी कथा पटत नाही.

खालून दगड लागल्यावर गाडी तशीच दामटणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. गाडी खडीच्या ढिगावर चढली किंवा दगड पोटाखालून गेला, की आधी धोका पोहोचतो तो इंजिनाखालच्या ऑइल संपला, म्हणजे ऑइल साठवणाऱ्या भांड्याला, आणि पुढच्या रेडिएटरला. बाहेरून फक्त बंपर चेमटलेला दिसतो. चालक म्हणतो, चिपळूणपर्यंत तर नेऊ. ऑइल गळत जातं, दाब पडतो आणि इंजिन जाम होतं. संपचा खर्च पॉलिसीत बसतो, जाम झालेल्या इंजिनाचा बसत नाही. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवून नुकसान वाढलं तर ती जोखीम मालकाची, अशी अट पॉलिसीतच छापलेली असते. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन (जादा हप्त्याचं संरक्षण) घेतलेलं असलं तरी ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना गाडी चालवली, तर वाद ठरलेलाच.

म्हणून आदळल्यावर इंजिन बंद करा, हॅझर्ड लावा, मागे रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. मग टॉर्च घेऊन गाडीखाली पाहा. थेंब काळा किंवा तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत लागला तर ऑइल. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. पहिल्या दोन्हींत गाडी टो करूनच न्यायची. साध्या पॉलिसीत खासगी कारच्या टोइंगसाठी १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. घाटातून रत्नागिरी किंवा कुडाळच्या वर्कशॉपपर्यंत ते पुरत नाहीत, तेव्हा रोडसाइड असिस्टन्स घेतलेला आहे का, हे घरून निघतानाच पाहून ठेवा.

गाडी विजेच्या खांबावर आदळून तार खाली आली असेल तर मात्र उतरू नका. आत बसूनच ११२ (आपत्कालीन मदत) आणि १९१२ (वीज तक्रार) ला फोन करा. गाडीने पेट घेतला तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये, आणि पुढे पाय न उचलता घासत दूर जायचं.

फोटो फक्त गाडीचे काढणं

चेमटलेल्या बंपरचे दहा फोटो असतात आणि ढिगाचा एकही नसतो. ढीग कोणी, कसा ठेवला होता हे दाखवणारे फोटोच पुढे कामाला येतात. तुम्ही ज्या दिशेने आलात त्या दिशेला पन्नासेक पावलं मागे जा आणि चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक फोटो घ्या: तिथून अडथळा दिसतो का? मग कडेच्या पांढऱ्या पट्टीपासून ढीग किती आत आला आहे ते टेप लावून, टेप नसेल तर पावलांनी मोजून दाखवा. रिफ्लेक्टर, दिवा, बॅरिकेड नसल्याचा एक फोटो, जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा एक, टायरच्या खुणांचा एक, दगडाला लागलेल्या तुमच्या गाडीच्या रंगाचा जवळून एक. ट्रक असेल तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे. अपघात रात्रीचा असेल तर फ्लॅश न लावता काढलेला फोटोही ठेवा. फ्लॅशमध्ये सगळंच लख्ख दिसतं आणि तो फोटो तुमच्याच विरुद्ध जातो. शेजारच्या टपरीवर सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी चित्रण मागा, कारण जुन्यावर नवं चढत राहतं.

वेगाचा मुद्दा निघतोच. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. पुढे ओल्या डांबरावर थांबायला आणखी ३५ मीटर. लो बीमचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ५० मीटरचा. म्हणजे पावसाळी रात्री ६० च्या वेगातही बिनरिफ्लेक्टरचा ढीग टाळणं कठीण, पण ‘मी ८० वर होतो’ असं सांगणाऱ्याच्या पदरात दोषाचा काही हिस्सा पडतोच आणि त्या प्रमाणात भरपाई कापली जाते. याउलट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रस्त्याच्या मध्ये दिवे न लावता उभ्या केलेल्या गॅस टँकरवर कार आदळल्याच्या प्रकरणात कारचालकावर टाकलेला निम्मा दोष काढून टाकला होता.

दार चुकीचं ठोठावणं

उभा ट्रक हे वाहन आहे. त्यामुळे दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ट्रकचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर. मुदत अपघातापासून सहा महिने. अर्जदार जिथे राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याला तारखांसाठी अलिबाग किंवा ओरोसला खेटे घालावे लागत नाहीत. धोकादायक रीतीने वाहन उभं करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ चा भंग आहे, तेव्हा पोलिसांच्या नोंदीत ते कलम यावं असा आग्रह धरा.

खडीचा ढीग किंवा चिरे हे वाहन नव्हे. तिथे न्यायाधिकरण नाही, दिवाणी न्यायालय, आणि मुदत साधारण तीन वर्षं. प्रतिवादी तो ठेकेदार किंवा ज्याचं बांधकाम चालू आहे तो मालक. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे, दंड पाच हजारांपर्यंत. त्या तक्रारीची प्रत दिवाणी दाव्यात उपयोगी पडते.

सरकारी खात्यावर दावा करायचा असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस द्यायची आणि दोन महिने थांबायचं. नोटीस कोणाला, हेही नीट पाहा. मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, तर इंदापूरपासून झारापपर्यंत सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग काम पाहतो. गावातला रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा. रस्त्याच्या सदोष बांधणीबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ लोक हमखास दाखवतात, पण ते मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावरच लागू होतं, मोडलेल्या बंपरला नाही.

कंपनीने ओन डॅमेजमध्ये दिलेली रक्कम दुसऱ्याकडून पुन्हा मागता येत नाही. मागायचं ते घसारा (भाग जुना म्हणून कंपनी कापते ती रक्कम), वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरावीक रक्कम) असं तुमच्या खिशातून गेलेलं.

जागेवरच चूक कबूल करून पैसे देणं

गडगा, फाटक, खांब, महामार्गाचा क्रॅश बॅरिअर: हे नुकसान तुम्ही दुसऱ्याच्या मालमत्तेचं केलेलं असतं. खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात त्यासाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. हप्ता थोडा वाचवायला ते ६,००० वर आणलेलं असेल तर मात्र खांबाची किंमत स्वतः भरावी लागेल, पॉलिसीत हा आकडा जरूर पाहा. गावात माणसं जमली की दडपण येतं आणि कागदावर सही होते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली, तडजोड किंवा रक्कम देऊ नये, अशी पॉलिसीची अट आहे. घरमालकाला नाव, गाडी नंबर आणि पॉलिसी नंबर द्या, पोलिसांत नोंद करा आणि मागणीचं पत्र आलं की ते कंपनीकडे पाठवा.

हिशेब न करता क्लेम करणं

झिरो डेप (घसारा न कापण्याचं ॲड-ऑन) नसलेली, साडेतीन वर्षांची, १,२०० सीसीची गाडी घ्या. कर बाजूला ठेवू. बंपर ८,००० आणि इतर प्लॅस्टिक ६,०००, यांवर निम्मा घसारा, म्हणून मिळतात ७,०००. पत्र्याचा फेंडर ४,०००, त्यावर २५ टक्के घसारा, मिळतात ३,०००. मजुरी ५,००० पूर्ण. रंगकाम ८,०००, त्यातला चौथा हिस्सा रंगसामान धरून त्याच्या निम्मे कापले जातात, मिळतात ७,०००. एकूण २२,०००, त्यातून सक्तीची वजावट १,०००. म्हणजे ३१,००० च्या बिलावर २१,००० हातात.

दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० आणि यंदा ३५ टक्के सूट असेल, तर पुढच्या तीन वर्षांत ४५, ५०, ५० ऐवजी ०, २०, २५ टक्के मिळतात, म्हणजे सुमारे ९,००० चा तोटा. इथे क्लेम करावा. पण हातात आठ हजारच येणार असतील तर खिशातून दुरुस्ती करा. हे ठरवायचं असेल तरी घटनेची सूचना कंपनीला लगेच द्या आणि सर्व्हे होईपर्यंत गॅरेजवाल्याला एकही भाग उघडू देऊ नका. काढून टाकलेला तुटका भाग सर्व्हेअरला दाखवता आला नाही तर त्याचे पैसे बिलातून वगळले जातात.