बोटीच्या कप्प्यात उतरण्याआधी

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत मिरकरवाडा, हर्णे किंवा देवगडच्या बंदरात विसावलेल्या यांत्रिक बोटीचा मासळी साठवण्याचा कप्पा बंद राहतो आणि त्याच्या तळाशी उरलेले रक्त, खवले व बर्फाचे पाणी कुजत राहते. या कुजण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि आतल्या हवेतील प्राणवायूही खर्ची पडतो. म्हणून हंगामापूर्वीच्या साफसफाईसाठी झाकण उघडताच खलाशाला खाली उतरवणे अत्यंत धोक्याचे आहे.

या वायूचा सडक्या अंड्यांसारखा वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला, हा समज जीवघेणा आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे १०० भागांवर गेले की काही मिनिटांत नाकच बधिर होते, आणि १,००० भागांच्या आसपास माणूस एक-दोन श्वासांतच कोसळू शकतो. विहिरीत पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही येथे उपयोगाची नाही, कारण ज्योत विषारी वायू दाखवत नाही आणि ज्वलनशील वायू असल्यास तो पेटवते.

झाकण उघडल्यावर कोणीही आत डोके घालू नये. आधी पंख्याच्या नळीने ताजी हवा थेट तळापर्यंत सोडावी. पंख्याचे तोंड इंजिन किंवा जनरेटरच्या धुरापासून दूर असावे, अन्यथा वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आपणच आत ढकलतो. हवेऐवजी सिलिंडरमधला प्राणवायू कधीही सोडू नये, कारण त्याने आग भडकते. त्यानंतर चार वायू मोजणारे यंत्र वरूनच खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी करावी. प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत १० भागांहून कमी, कार्बन मोनॉक्साइड ३५ भागांहून कमी आणि ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेतल्या ज्या किमान प्रमाणाला तो पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्क्यांहून कमी असेल, तरच उतरावे. तळातला गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो; म्हणून पंखा काम संपेपर्यंत चालू आणि यंत्र उतरलेल्या माणसाच्या छातीशी असलेच पाहिजे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क यांपैकी कोणताही वायू अडवत नाही.

२०२५ मध्ये रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३६ कारखान्यांतील अशा बंदिस्त जागांसाठी सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र, किंवा श्वसनयंत्र व बाहेरच्या माणसाने धरलेला दोर बांधलेला पट्टा, अशी अट घालत होते. बोटीवर प्रमाणपत्रासोबत दोरही असावा, असे माझे मत आहे.

दोर धरणाऱ्याने जागा सोडायची नाही आणि सोबती कोसळला तरी त्याच्यामागे उडी घ्यायची नाही. असे धावून गेलेले कितीतरी जण जीव गमावून बसतात. त्याने कप्पीवरून दोर ओढावा, ११२ किंवा १०८ क्रमांकावर मदत मागवावी. दोर ओढून एकमेकांना द्यायच्या खुणा उतरण्यापूर्वीच ठरवाव्यात. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी खलाशी पुष्कळ असतात, त्यांना हे सारे त्यांच्या भाषेत समजावून तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) त्यांच्याकडून एकदा करून घ्यावे.

मे महिन्यातील शेवटच्या फेरीनंतर मासळी उतरताच कप्पा वरूनच पाण्याच्या जोराने धुऊन, तळातले पाणी पंपाने पूर्ण उपसून ठेवावे, म्हणजे पावसाळ्यात कुजायला फारसे काही उरत नाही.